समासावर चढलेला रंग

सुरत,
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप गुरुजींस,



धुळ्याच्या शाळेत आपण आम्हांस दिलेली पहिली ताकीद अशी होती की, कागदाला चोहोंकडून बोटभर समास सोडल्याखेरीज पेन्सिल टेकवू नये, आणि त्या समासावर रंगाचा एक ठिपका जरी पडला तरी, चित्र कितीही वठलेले असो, गुण कापले जातील. ती ताकीद मी परीक्षेपुरती नव्हे, तर पुढे सुरतेस येऊन साड्यांच्या काठांची नक्षी काढण्यात गेलेल्या साऱ्या आयुष्यात पाळली. आज त्याच समासासंबंधी आपल्यापुढे एक निवेदन रुजू करावे असे मनात आले, त्याला निमित्त हॉवर्ड हॉजकिन या इंग्रज चित्रकाराचे झाले.

हॉजकिन 1932 साली लंडनात जन्मला आणि 9 मार्च 2017 रोजी तेथेच वारला. ईटनच्या शाळेत असताना विल्फ्रिड ब्लंट या ड्रॉइंग मास्तरांनी त्याला भारतीय लघुचित्रांची गोडी लावली; मुलगा त्या शाळेत टिकला नाही, पळून गेला, परंतु मास्तरांनी लावलेली गोडी त्यास जन्मभर पुरली. (हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कोण उभे राहिले, हे आपणांस सांगावयास नको.) 1964 साली तो प्रथम हिंदुस्थानात आला व पुढे वारंवार येत राहिला, मोगल, दख्खनी, राजपूत आणि पहाडी चित्रांचा त्याने जमविलेला संग्रह 2012 साली ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात मांडला गेला. त्या जुन्या चित्रांभोवती जो हाशिया असतो, सोनेरी वा रंगीत, आणि ज्याला ओलांडून एखादा घुमट किंवा झाडाचा शेंडा बाहेर डोकावतो, तो या माणसाच्या मनात खोल रुजला असावा, असे मला वाटते. कारण 1970 च्या सुमारास कॅनव्हास सोडून तो लाकडी फळ्यांकडे वळला, जुन्या चौकटी मिळवून चित्राचा रंग सरळ त्यांवर चढवू लागला, आणि जी चौकट इतरांच्या चित्रांना शेवटी सुतार घालतो ती त्याच्या चित्राचे अंगच होऊन बसली.

भावना जितकी नाजूक आणि क्षणिक, तितके तिचे जगापासून रक्षण अधिक करावे लागते, असे त्याचे म्हणणे होते. गुरुजी, हे मला पुस्तकातून कळण्यापूर्वी मागावरून कळले होते. ग्राफच्या कागदावर एकेक घर भरून मी काठाची वेल काढीत असे, तेव्हा तो काठ मला साडीच्या अंगाहून निराळा, वरून लावल्यासारखा वाटे. पण विणताना पाहिले म्हणजे दिसते की, बाण्याचा धागा एका काठातून शिरतो, सारे अंग ओलांडून दुसऱ्या काठास पोहोचतो आणि तेथून वळून परत येतो. तो तेथे वळतो म्हणूनच वस्त्र उसवत नाही.

हॉजकिनची चित्रे पाहून कोणालाही वाटावे की, चार फटकाऱ्यांत काम उरकले आहे; प्रत्यक्षात 'रेन' या चित्राखाली 1984 ते 1989 अशी साले आहेत. ब्रिटिश म्युझियमजवळच्या त्याच्या चित्रशाळेत अपुरी चित्रे मोठमोठ्या पांढऱ्या पडद्यांआड झाकून ठेवलेली असत, आणि ज्या चित्रावर काम करावयाचे तेवढेच तो उघडे करी. विषय म्हणाल तर कोणाच्या घरची भेट, एखादे जेवण, एखादी संध्याकाळ. बडोद्याचे भूपेन खख्खर हे त्याचे जिवलग मित्र. त्यांच्या घराच्या आठवणीवर त्याने 1975–76 मध्ये चित्र रंगविले, आणि ते बडोदे येथून गाडीने दोन तासांवर आहे, याचा मला उगाच अभिमान वाटतो. 1984 साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याने ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले, पुढल्याच वर्षी टर्नर पारितोषिक मिळाले, 1992 साली 'सर' हा किताब लाभला. त्याच 1992 सालची त्याची दिल्लीतील भिंत मी स्वतः पाहिली आहे: चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या ब्रिटिश कौन्सिलच्या इमारतीच्या दर्शनी भागावर काळा कडाप्पा आणि पांढरा मकराणा या दोनच दगडांत एक वडाचे झाड, किंवा खरे म्हणजे झाडाची सावली, पसरलेली आहे. ती भव्य आहे यात शंका नाही. तथापि हातभर लांबीच्या फळीवर हाच माणूस जे साधतो, ते मला अधिक थोर वाटते.

हिंदुस्थानात रमलेला हा इंग्रज काही पहिला नव्हे; येथे सुरतेत कतारगाम दरवाज्याच्या बाजूस जुन्या इंग्रजांचे कबरस्तान आहे. शिवाजी महाराजांच्या 1664 च्या सुरतेवरील स्वारीच्या वेळी इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्सेंडन तेथे आपल्या भावासह घुमटाखाली निजला आहे, आणि तो घुमट पाहिला म्हणजे इंग्रजाची कबर आहे असे कोणी सांगितल्याविना कळणार नाही. हिंदुस्थानाने वेढून घेतलेले इंग्रज तेव्हाही होते. हॉजकिन तर मृत्यूच्या काही आठवडे आधी मुंबईत बसून रंगवीत होता.

सोबत दोन छापील चित्रे पाठवीत आहे. दोन्ही हॉजकिनच्या एकाच फळीची आहेत. पहिल्यात छापणाऱ्याने चौकट कापून टाकली आहे, दुसऱ्यात ती शाबूत आहे. खिडकीपाशी चांगल्या उजेडात दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, आणि गुण कोणास द्यावयाचे ते सवडीने कळवावे.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी