नकाराचा सराव

वृद्धाश्रमातले मोठे आवाज बहुतेक भांड्यांचे असतात. सकाळी स्टीलच्या पेल्यांचे, दुपारी ताटांच्या चळतीचे. त्यात टीव्हीवरच्या मालिकेतली भांडणं मिसळतात आणि या सगळ्यावर कडी करतो तो मावशींचा आवाज: "आ करा, आजोबा. झालंच हं, एकच घास." जे इथे राहतात त्यांचा आवाज मात्र कान देऊन शोधावा लागतो. मी त्यासाठीच येते. फाटकावरच्या वहीत माझ्या नावापुढे 'स्पीच थेरपिस्ट' असं लिहितात. आत मी 'बोलायच्या बाई'.

घरच्यांची अपेक्षा साधी असते. इथे राहणाऱ्या नानांची मुलगी परदेशातून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबांनी एकदा मला हाक मारली ना, तरी पुरे." त्यावर काय बोलणार? हाकेसाठीही आम्ही प्रयत्न करतो. पण मी सुरुवात तिथून करत नाही. मी आधी नकार शिकवते.

याचं कारण या इमारतीच्या दिवसातच आहे. आंघोळ कधी, दिवा कधी मालवायचा, पंखा किती जोरात, गोळी केळ्यात कुस्करून द्यायची की पाण्यातून, हे सगळं ठरलेलं असतं. बहुतेक चांगल्यासाठीच ठरलेलं असतं. फक्त ज्याच्यासाठी ठरतं त्याला कुणी विचारलेलं नसतं. अशा जागी बोलता न येणारा माणूस आपल्या दिवसातून हळूहळू वजा होत जातो. त्यानं हात झटकला, ओठ घट्ट मिटले, तर फाइलमध्ये एक वाक्य पडतं: 'पेशंट सहकार्य करत नाही.'

नाना एसटीत वाहक होते. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. पण सगळी नाही. बोट धरून "स्वारगेट" म्हटलं की ते पुढचं ओळीनं म्हणतात: कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ. आकडे म्हणतात, वार म्हणतात. जेवणाआधीचा श्लोक म्हणताना एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. चिडले की अस्सल शिवी सणसणीत बाहेर येते. पण तांब्या समोर ठेवून "हे काय, नाना?" विचारलं, की कपाळावर घाम येतो आणि 'पाणी' काही येत नाही. घोकून, वापरून गुळगुळीत झालेली भाषा चाकोरीतून बैलगाडी जावी तशी आपोआप जाते. मनातलं नवं काही सांगायचं तर गाडी चाकोरीबाहेर काढावी लागते, आणि तेवढंच जमत नाही. म्हणून पाहुण्यांना वाटतं, नाना ठरवून बोलत नाहीत. श्लोक येतो, मग पाणी का मागता येत नाही?

आमच्या अभ्यासातला पहिला प्रसिद्ध रुग्णही असाच होता. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबॉर्न नावाचा माणूस २१ वर्षं राहिला. त्याला 'तान' एवढंच म्हणता येई, म्हणून त्याचं नावच तान पडलं. फार चिडला तर देवाच्या नावानं एक शिवी हासडायचा. एप्रिल १८६१ मध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकानं त्याला तपासलं. काही दिवसांतच तो वारला आणि त्याच्या मेंदूवरून बोलण्याची जागा मेंदूच्या पुढच्या भागात असते हे ब्रोकानं दाखवलं. तो मेंदू अजून पॅरिसमध्ये जपून ठेवला आहे. मी मात्र ब्रोकाच्या नोंदीतल्या दुसऱ्याच तपशिलाशी थबकते. रुग्णालयातले लोक तानला स्वार्थी, खुनशी, दुष्ट समजत. २१ वर्षं एकाच अक्षरावर काढणारा माणूस, समोरच्याला आपलं म्हणणं कळलं नाही की संतापणारा. त्याच्या संतापात किती नकार होते, ते कुणी मोजले नाहीत.

वाचाघातात होकार-नकाराचीही गल्लत होते. 'नाही' म्हणायचं असतं आणि 'हो' बाहेर पडतं. ते ऐकून मावशी चमचा पुढे करतात आणि नाना खवळतात. म्हणून आधी खात्री करून घ्यायची. हातात चमचा धरून विचारायचं, "हा कंगवा आहे?" नकाराला तळहात वर करायचा, होकाराला मांडीवर टेकवायचा. हात आणि तोंड एकमेकांशी जुळेपर्यंत हेच चालतं. मग अचाट प्रश्न सुरू होतात. साधा प्रश्न माणूस सोडून देतो, वेडगळ प्रश्नाला विरोध आपसूक उठतो. "नाना, टोपी पायात घालू?" "नाना, चहात मीठ टाकू?" मिठाला ते आधी हसले, मग तळहात वर गेला आणि त्यामागून स्पष्ट आलं, "नको गं!" शेजारच्या पलंगावरचे आजोबासुद्धा उठून बसले.

त्या नकाराचा पुढचा मोठा उपयोग झाला तो माझ्याविरुद्ध.

आमच्या कामाची दुसरी बाजू गिळण्याची. बोलणं आणि गिळणं एकाच अरुंद वाटेवरून चालतं. आपण गिळतो तो प्रत्येक घास श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो, या विचित्र व्यवस्थेचं आश्चर्य डार्विननं १८५९ च्या त्याच्या ग्रंथातही नोंदवलंय. घोट घशात उतरताना क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेची वाट झाकली जाते. झटक्यानंतर ही हालचाल उशिरा होते. पाणी सगळ्यांत घातकी, कारण ते कुणासाठी थांबत नाही. मऊ भात, आटवल, नाचणीची पेज यांना उतरायला वेळ लागतो. पाणी आणि चहा वाट झाकली जायच्या आत पुढे धावतात. कुणाला ठसका लागतो. कुणाला तोही लागत नाही, आणि चार दिवसांनी ताप येऊन न्यूमोनिया निघतो. नानांची बेरियम पाजून एक्स-रेखाली तपासणी झाली होती. त्यांच्या चहात घट्टपणा आणणारी पावडर घालायची, हे मीच लिहून दिलं होतं.

तो खळीसारखा चहा बघून नानांनी तळहात वर केला. "नको."

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा, "नको." तोंडातून शब्द नेमका, हात नेमका, नजर माझ्यावर. खात्रीचा नकार कसा ओळखायचा, हे मीच मावशींना शिकवलं होतं. तो फक्त मिठाच्या चहाला लागू आणि माझ्या पावडरीला नाही, असं कसं म्हणणार?

डॉक्टर, मुलगी आणि नाना, सगळ्यांसमोर धोका स्वच्छ सांगितला. मग तडजोड निघाली. आधी दात, जीभ, कवळी नीट घासून घ्यायची. जपानमधल्या वृद्धाश्रमांतला एक अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता: तोंडाची निगा राखली तिथे न्यूमोनिया कमी झाला. श्वासनलिकेत चुकून काही उतरलंच, तर त्याच्याबरोबर तोंडातले जंतू जास्त उतरू नयेत. मग ताठ बसून, हनुवटी छातीकडे झुकवून, साध्या चहाचे छोटे घोट. गप्पा बंद, टीव्ही बंद. जेवणातली बाकीची बंधनं तशीच. धोका संपलेला नाही, हे फाइलमध्ये लिहिलं आणि नानांनी डाव्या हातानं त्याखाली सही केली.

वरच्या मजल्यावर पार्किन्सनच्या आजी आहेत. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की ओठ हललेले तेवढे दिसत. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला तो नेहमीचाच वाटायचा. त्यांच्यासाठी १९८७ मध्ये अमेरिकेत निघालेली एक पद्धत वापरते. तिचं सूत्र एकच: मोठ्यानं. आठवड्याचे चार दिवस, चार आठवडे. "बाईमाणसानं हळू बोलावं" असं ऐकत वाढलेल्या आजींना मी "ओरडा" म्हणते, तेव्हा त्या आधी दाराकडे बघतात. सरावाची रोजची वाक्यं त्यांची त्यांनीच निवडायची असतात. त्यांनी निवडली: "दिवा राहू दे." "पंखा नको." "मीठ कमी आहे."

मध्यंतरी रात्रपाळीच्या सिस्टर तक्रार घेऊन आल्या. नाना हट्टी झालेत, आजी तर ओरडतातच. मी मनातल्या मनात खूश झाले. पण त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. एकेका मावशीकडे भरवायची किती तोंडं असतात! प्रत्येक नकार ऐकायचा म्हणजे वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे आणखी माणसं लागतात. महिन्याच्या बिलात डायपर असतात, ऑक्सिजन असतो. विचारण्याचा वेळ कुठल्याच रकान्यात नसतो.

म्हणून आता माझा निम्मा तास मावशींबरोबर जातो. त्यांना एकच गोष्ट सांगते: चमचा आधी वाटीत ठेवा, मग विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तो उचलू नका. ओठांपाशी चमचा धरून विचारलं, तर माणसाला नाही म्हणायला जागाच उरत नाही.