चित्रकलेचे सात मार्क घेतले, पुढं काय?

(पोस्ट मोठी आहे. घनसावंगी, अंबड, परतूरकडच्या पालकांनी मात्र वेळ काढून वाचावी.)

दहावीचा निकाल लागला की मला आठ-दहा फोन ठरलेले. "सर, पोरीला इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. सात मार्क वाढले त्याचे. पण आता ती म्हणती, चित्रकलेचंच शिकायचं. काय करावं?" विचारतानाच आवाजातून कळतं की उत्तर ठरलेलं आहे. मी फक्त तिची समजूत घालायची.

मी समजूत घालत नाही. मी स्वतः तेच शिकलोय. आज दुकानांचे बोर्ड, शाळांच्या भिंती आणि रविवारचे ड्रॉइंगचे क्लास यावर घर चालतं. श्रीमंत झालो नाही, उपाशीही राहिलो नाही. पण पोट भरतं का, यापलीकडंही काही बोलायचंय, म्हणून हा प्रपंच.

आधी त्या सात मार्कांचं बघू. शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला सात, बी ला पाच, सी ला तीन वाढीव गुण. चांगली सवलत आहे. पण तिनं झालं असं, की आपल्याकडं चित्रकला म्हणजे टक्केवारीला लावायचा टेकू झाला. दहावी झाली की रंगपेटी माळ्यावर. पोरगं दोन वर्षं स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करत बसलं, त्यातून त्याला काय दिसायला लागलं, हे कुणी विचारत नाही.

आमच्या शाळेत ड्रॉइंगचे सर होते. पूर्णवेळ, पगारी, खडूनं फळ्यावर एका रेषेत घोडा काढणारे. स्मरणचित्राला पोळा दिला होता. आम्ही सगळ्यांनी बैल काढले, आणि सगळ्यांच्या बैलांचे मागचे पाय माणसाच्या गुडघ्यासारखे पुढं वाकलेले. सर रागावले नाहीत. म्हणले, "वही मिटा. घरी जा, गोठ्यात बसा, बैल उठतो कसा ते बघा आणि उद्या या." जन्मापासून बैलांत वाढलेली पोरं आम्ही, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा बैल बघितला. कला महाविद्यालयात पुढं जे शिकवलं त्याचा पाया तिथं पडला.

आता तसे सर किती शाळांत राहिलेत? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी निदेशक द्यावा, तोही अंशकालीन. आपल्या तालुक्यातल्या वाडी-वस्तीच्या शाळेत या तीन वर्गांत मिळून १०० मुलं कुठून आणायची? म्हणजे लहान गावातल्या लेकराला कायद्यानंच चित्रकलेचा मास्तर नाही. जिथं तास आहे तिथं तो गणितवाले घेऊन टाकतात. मग परीक्षेआधी महिनाभर रट्टा मारून संकल्पचित्राचा एकच नमुना पाठ करायचा. संकल्पचित्र पाठ! यावर हसावं का रडावं?

यातूनही जी पोरं पुढं जातात, त्यांना कॉलेजात पहिला धक्का बसतो तो हातांचा. घोटीव, गुळगुळीत शेडिंग म्हणजे चांगलं चित्र, ही समजूत पहिल्या महिन्यात मोडते. समोर एक मडकं, एक कापड, दोन वांगी. तीन तास बघायचं. कापडाची घडी कुठून सुटली, सावलीत रंग काळा नसून निळसर का आहे, मडक्याच्या कडेला उजेड परत कुठून आला. मग पाठीला पिशवी लावून बसस्टँडवर स्केचिंगला. झोपलेला माणूस, पिशव्यांवर बसलेल्या बाया, डुलक्या देणारा कंडक्टर. दिवसाला पन्नास रेखाचित्रं. सुरुवातीला लाज वाटते. महिन्याभरात माणसं वेगळी दिसायला लागतात. कोण दमलंय, कोण वाट बघतंय, हे पाठीवरून कळतं.

खर्च मात्र खरा आहे. कागद, रंग, ब्रश, फ्रेम, खोलीभाडं. फीपेक्षा सामानच जड जातं. आमच्यातल्या दोघांनी रात्री लग्नाचे बॅनर रंगवून चार वर्षं काढली. पालकांनी हा हिशोब आधीच मांडावा, मग पोरीला हो म्हणावं.

आता दुसरा विषय, ज्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहितोय. कलेचा इतिहास.

मी ज्या कॉलेजात होतो (खासगी होतं, नाव घेत नाही) तिथं या विषयाला कायम शिक्षक नव्हता. कुणीतरी यायचं, वहीतून वाचायचं, आम्ही उतरवून घ्यायचो. इजिप्त, ग्रीस, रोम, रेनेसाँ. मायकेलअँजेलोचं छत किती फूट उंच आहे हे पाठ. अजिंठ्याला सहल गेली, छान झाली. पण तिथंही आम्हाला कुणी सांगितलं नाही की भारतातल्या कलाशिक्षणाच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण याच लेण्यांत घडलंय. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. १८७२ पासून १८८५ पर्यंत तिथले ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत राहिले. त्यांच्याआधी मेजर गिल यांनी एकट्यानं तेच काम केलं होतं. गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, ग्रिफिथ्सच्या पोरांच्या बऱ्याचशा १८८५ च्या आगीत. म्हणजे मुंबईची पोरं आपल्या मराठवाड्यात येऊन शिकली, आणि आम्ही मराठवाड्याची पोरं वहीत रोमची उंची लिहीत होतो.

अजिंठ्याच्या रस्त्यापासून फार लांब नाही असं अन्वा गाव आहे, भोकरदन तालुक्यात, आपल्याच जालना जिल्ह्यात. तिथलं यादवकाळातलं मंदिर मी कॉलेज संपल्यावर चार वर्षांनी बघितलं. बाहेरच्या भिंतीवर बायकांच्या मूर्ती, हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. पहिल्यांदा वाटलं, सगळ्या सारख्याच. मग डॉ. गो. बं. देगलूरकरांचं लेखन वाचलं आणि उलगडलं. संध्येत केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं घेतात ना, त्या चोवीस विष्णूंची ओळख चार हातांतल्या वस्तूंच्या क्रमावरून होते. चार वस्तू, चार हात, क्रम चोवीस. खालच्या उजव्या हातापासून पद्म, शंख, चक्र, गदा असा फेरा निघाला तर तो केशव. क्रम बदलला की नाव बदललं. आणि अन्व्याला हीच रूपं स्त्रीरूपात कोरलीत! असं दुसरीकडं फार क्वचित दिसतं. त्या दिवशी कळलं की मूर्ती वाचता येते. नुसती पाया पडायची नसते.

भोकरदनचंही तसंच. इटलीत पोम्पेई शहर इ.स. ७९ च्या ज्वालामुखीत गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ मध्ये भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती सत्तरच्या दशकात आपल्या भोकरदनच्या उत्खननात निघाली. त्यामुळं पोम्पेईची मूर्ती इकडंच घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात. रोम पाठ करणाऱ्या पोराला रोमपर्यंत भोकरदन गेलं होतं हे सांगा की! त्याची मान किती ताठ होईल.

काही जण म्हणतील, हा अभ्यासाचा शौक झाला, गावाला काय उपयोग? तर जांब समर्थ आठवा. ऑगस्ट २०२२ मध्ये समर्थांच्या जन्मगावातल्या मंदिरातून पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. सगळा तालुका हळहळला. ऑक्टोबरात पोलिसांनी मूर्ती शोधून आणल्या, त्यांचं कौतुक आहेच. पण त्या दोन महिन्यांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. उद्या आपल्या गावातली मूर्ती गेली, तर तक्रारीत आपण काय लिहू? "काळ्या दगडाची देवी, साधारण दीड-दोन फूट"? अशा मूर्ती मराठवाड्यात हजारो असतील. उंची, रुंदी, धातू की दगड, हात किती, कुठल्या हातात काय, पाठीमागची प्रभावळ तुटलीय का, पायाशी कोण बसलंय, चारी बाजूंचे फोटो. जगभरातले पोलिस आणि संग्रहालयं यासाठी 'ऑब्जेक्ट आयडी' नावाची पद्धत वापरतात, १९९७ पासून. त्यात जे लिहायचं असतं ते कलेचा इतिहास शिकलेलं आपल्या गावचं पोरगं अर्ध्या दिवसात लिहून देईल. आणि फोटोत जे येत नाही ते रेखाटून देईल.

म्हणून फोन करणाऱ्यांना माझं उत्तर असं. पोरीला आवड असेल तर जाऊ द्या. बारावीनंतर चार वर्षांचा बीएफए आहे, त्याला सीईटी द्यावी लागते, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. नियम बदलत राहतात, त्यामुळं सीईटी सेलचं माहितीपत्रक स्वतः वाचा, एजंटच्या नादी लागू नका. सरकारी कॉलेज छत्रपती संभाजीनगरला आहे, आधी तिथं प्रयत्न करा. ड्रॉइंग टीचरच्या नोकरीच्या भरवशावर मात्र पाठवू नका, ती दारं सध्या जवळपास बंद आहेत. जाहिरात, पुस्तकांची सजावट, ॲनिमेशन, कापडाचं डिझाइन, संग्रहालयं, मूर्तिकाम असं बरंच आहे, पण ज्यानं त्यानं शोधावं लागतं.

आणि जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत बसलेल्या आपल्या माणसांना एक मागणी. पटसंख्या कमी असेल तर चार-पाच शाळांना मिळून एक कलाशिक्षक द्या, आठवड्यातून एक दिवस एका शाळेत. सेस फंडातून हे जमतंय का, एवढं तरी तपासा. शाळेच्या भिंतीवर कार्टून रंगवायला दरवर्षी पैसे निघतातच. (मीच रंगवतो, त्यामुळं मला माहितीय.)

तोवर आपण आपलं काम सुरू करू. पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारपासून क्लासची मोठी मुलं घेऊन तालुक्यातल्या जुन्या मंदिरांतल्या आणि पारावरच्या मूर्तींची नोंद करायची आहे. मोजपट्टी, वही, पेन्सिल, मोबाईल, बस. मूर्तीला हात लावायचा नाही, शेंदूर खरवडायचा नाही, पुजारी आणि सरपंचांना विचारूनच आत जायचं. एक प्रत गावाकडं, एक पोलिस ठाण्यात. ज्यांच्या गावात जुनी मूर्ती, वीरगळ किंवा सतीशिळा आहे, त्यांनी खाली गावाचं नाव लिहा. नेमकी जागा उघड लिहू नका, ती मेसेजमध्ये कळवा.