झेडचे रुसवे

माणूस रुसला तर त्याला मनवायची एक ठरलेली पद्धत असते. जावई रुसला तर अंगठी, मूल रुसलं तर गोळी, साहेब रुसले तर शनिवारी उशिरापर्यंत बसणं. पण ऑफिसातला झेड ड्राइव्ह रुसला, तर त्याला काय द्यायचं हे भल्याभल्यांना कळत नाही.

ज्यांचा या प्राण्याशी संबंध आलेला नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडी ओळख करून देतो. संगणकातल्या कपाटांना इंग्रजी अक्षरांची नावं असतात. ए आणि बी ही दोन अक्षरं फ्लॉपीची. फ्लॉपी कधीच कैलासवासी झाली, पण बहुतेक संगणकांवर तिची जागा अजून रिकामी दिसते; पितरांसाठी पान वाढून ठेवावं तशी. सी हे आपलं स्वतःचं कपाट. आणि दुसऱ्याच कुठल्या तरी संगणकातलं कपाट तारेवरून आपल्याला वापरायला मिळालं, तर त्याला विंडोज उलट्या टोकापासून अक्षर सुचवतं, म्हणजे झेड. दिसतं आपल्या टेबलावर, असतं तिसऱ्याच खोलीत. थोडक्यात, चाळीतला सामाईक नळ. पाणी सगळ्यांचं, नळ कुणाचाच नाही, आणि तो गेला की बादल्या घेऊन सगळे एकदमच बोंबलतात.

हा नळ गेल्याची खूण म्हणजे झेडच्या चित्रावरची लाल फुली. आम्ही कॉमर्सवाले. लाल फुली म्हटलं की आम्हाला एकच अर्थ ठाऊक : चूक, शून्य मार्क. पण झेडची फुली पुष्कळदा खोटी असते. मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, हा काटकसरी गृहस्थ आहे. पंधरा मिनिटं तुम्ही त्याला काही विचारलं नाहीत, तर तुम्हाला गरज नाही असं समजून तो संबंध सोडून देतो. ही त्याची मुळातलीच सवय. तुम्ही फुलीवर दोनदा टिचकी मारलीत, की 'अहो, इथंच आहे मी' म्हणत तो परत हजर. आमच्या एका सहकाऱ्यांचे मेहुणे असेच आहेत. आपण फोन केला नाही तर संबंध तुटला असं धरून चालतात, आणि केला की तासभर सोडत नाहीत.

टिचकीनं भागलं नाही, तर रोगाचं निदान करावं लागतं. पहिला प्रश्न असा, की शेजारच्या टेबलावर झेड आहे का? सगळ्यांचाच गेला असेल तर दोष सर्व्हरचा किंवा मधल्या जोडणीच्या डबीचा. ही डबी हटकून टेबलाखाली असते, आणि तिचा प्लग ज्या बोर्डात असतो त्याच बोर्डावर कुणाला तरी चहाची किटली लावायची असते.

एकट्याचाच गेला असेल, तर वाकून तार बघावी. तारेच्या टोकाला प्लॅस्टिकची एक इवलीशी जीभ असते. ती तुटली की तार घरात बसल्यासारखी दिसते, पण बसलेली नसते. सकाळी केरसुणीचा एक धक्का लागला की दिवसभर आपण सॉफ्टवेअरला शिव्या देत राहतो.

तारही ठीक असेल, तर सर्व्हरला आधी नंबरानं हाक मारावी, मग नावानं. नंबराला ओ देतो आणि नावाला देत नाही, असं झालं तर नाव-नंबराचं रजिस्टर सांभाळणाऱ्या यंत्रणेत घोटाळा आहे असं समजावं. आम्हा बँकवाल्यांना याचं नवल वाटत नाही. वीस वर्षांच्या ग्राहकालासुद्धा आम्ही आधी खातेनंबरच विचारतो.

मग पासवर्ड. तो आपण बदलतो, पण संगणकानं जुना जपून ठेवलेला असतो आणि इमानानं तोच दारावर सांगत राहतो. दार उघडत नाही. हा जपलेला जुना पासवर्ड पुसून नवा द्यावा लागतो. शिवाय नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे' अशा अर्थाची एक खूण असते, तीही काढावी. नाही तर कार्ड दुपारी जेवणानंतर डुलकी काढतं. कर्मचाऱ्यांकडून यंत्रानं काय काय शिकावं याला मर्यादा हवी! आणि सकाळी फुली, दहा मिनिटांनी ठीक, असा प्रकार असेल, तर संगणक नेटवर्कच्या आधी जागा होतोय. 'नेटवर्क येईपर्यंत थांब' अशी आज्ञा त्याला देता येते. आमच्याकडे माणसांना अशी आज्ञा द्यावी लागत नाही.

या संगणकांची आपसात बोलायची भाषा आयबीएममधल्या बॅरी फाइगेनबॉम यांनी 1983 साली रचली. भारतातल्या बँकांच्या यांत्रिकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल आला 1984 साली. म्हणजे झेडची बोली आणि आमच्या टेबलावरचं यंत्र एकाच पिढीतले. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू या भाषेच्या सर्वांत जुन्या रूपातल्या फटीतून जगभर शिरला. त्याच वर्षाअखेरीपासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांतून ते जुनं रूप मुळातच वगळलं जाऊ लागलं. कोपऱ्यातला म्हातारा साठवण-डबा फक्त जुनी बोली बोलत असेल, तर नवा संगणक त्याला ओळखच देत नाही. म्हाताऱ्याचं काही बिघडलेलं नसतं. त्याच्या भाषेत बोलणारं कुणी उरलेलं नसतं, एवढंच.

हे सगळं मला नोव्हेंबरात शिकावं लागलं. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. मोबाइलवरून दाखला द्यायची सोय 2014 पासून आहे, पण बोटांच्या रेषा झिजलेल्यांना ती नेहमी साधते असं नाही. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी जायचं. सत्तरीपुढच्यांसाठी तशी सूचना रिझर्व्ह बँकेनं 2017 सालीच दिली. आमच्या शाखेत अशा घरांची यादी होती, आणि ती अर्थातच झेडवर होती.

ऐन गर्दीत झेडवर फुली आली. समोर एक निवृत्त मास्तर उभे. स्वतःचा दाखला देऊन झाला होता. बाईही निवृत्त शिक्षिका, पण वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्याकडे आज माणूस येणार का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी म्हटलं, "आजोबा, जरा थांबा. यादीशी संपर्क तुटलाय."

"तिच्याशी माझा नाही तुटलेला," ते म्हणाले. "सकाळीच तिला पेज भरवून आलोय. हवं तर लिहून देतो, जिवंत आहे म्हणून."

मी टेबलाखाली शिरलो. मदत-केंद्राच्या फोनवरचा मुलगा 'बंद करून चालू केलंत का?' हा आपला तुळशीचा काढा पाजत होता. आमच्या दफ्तरी मामांनी मात्र खिशातून घडी घातलेला कागद काढला. ती यादी पेन्सिलीनं उतरवलेली होती, वर गल्लीच्या खुणा : पिंपळ, पिठाची गिरणी, दुसरा मजला, कुत्रा आहे. मास्तरांच्या घरापुढे लिहिलं होतं, 'बाईंना कमी ऐकू येतं, जवळ बसून बोलावं.' ही नोंद झेडवर कधीच नव्हती.

चार वाजता मामा आणि आमचे अधिकारी रिक्षानं मास्तरांकडे गेले. झेड पावणेपाचला आला. तारेची जीभ तुटली होती.

दर तासाला झेडवर टिचकी मारण्याचं काम साहेबांनी आता मामांकडे दिलं आहे. मामा ते चोख करतात. कागद मात्र अजून खिशातच असतो. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "साहेब, त्याला विचारत राहावं लागतं. याला नाही."