दोरीवरचा गोश्त आणि फ्रीजरचे दार

बकरी ईद जवळ आली की आजकाल घराघरांत एक नवा प्रश्न विचारला जातो: फ्रीजरमध्ये जागा आहे का? आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. कुर्बानीचा गोश्त तीन वाट्यांत विभागायचा. एक गरिबांचा, एक नातलग-शेजाऱ्यांचा, एक घरचा. घरच्यातून जे उरेल ते सुकवायचे.

नागापुरात आमच्या सासूबाई अजूनही थोडा गोश्त सुकवतात. चरबी काढून बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या कापतात, मीठ-हळद चोळतात आणि गच्चीवर दोरी बांधून कडक उन्हात वाळवतात. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2018 साली ती 22 ऑगस्टला होती, 2025 साली 7 जूनला. पावसाळ्यात ईद आली की ऊन मिळत नाही. तेव्हा दोरी चुलीच्या वर बांधायची. मीठ गोश्तातले पाणी ओढून घेते, ऊब ते वाळवते आणि धूर जंतूंना आवर घालतो. जे मी वर्गात मुलांना शिकवते, ते सासूबाई कधीच शाळेत न जाता जाणतात.

सुकवलेल्या गोश्ताला अरबीत ‘कदीद’ म्हणतात. हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. एका शिंप्याने प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना जेवायला बोलावले. पानात जवाची भाकरी आणि दुधी भोपळा घातलेला कदीदचा रस्सा होता. आपण (सल्ल.) भांड्यातून दुधीच्या फोडी शोधून खात होते. किती साधे जेवण! त्यात मिरची नव्हती, कारण मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली, त्याला पाचशे वर्षेच झाली. आज टेक्सासमध्ये गोश्त आणि लाल मिरचीचा जो दाट ‘चिली’ रस्सा रांधतात, त्याचा भाऊ शोभेल असा पदार्थ आमच्या घरी होतो.

पाव किलो सुका गोश्त तासभर गरम पाण्यात भिजवून दोनदा धुवायचा. वाटीभर राजमा आदल्या रात्री भिजवून ते पाणी फेकून द्यायचे. पाच-सहा बेडगी मिरच्या रंगासाठी आणि दोन लवंगी तिखटासाठी, लसूण व जिऱ्याबरोबर वाटायच्या. तेलात दोन कांदे लालसर परतून त्यात वाटण आणि दोन टोमॅटो घालायचे. तेल सुटले की गोश्त, राजमा आणि पाणी घालून कुकरमध्ये सात-आठ शिट्ट्या करायच्या. राजमा बोटाने सहज चिरडला पाहिजे. तो कच्चा राहिला तर पोट बिघडते. मीठ शेवटी चाखूनच घालावे, कारण गोश्त आधीच खारट असतो. घरात चूल नसेल तर वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर तुपाचे चार थेंब सोडावेत आणि पाच मिनिटे झाकण लावावे. धुराचा वास येतो. सोबत बाजरीची भाकरी.

पण मला सांगायचे आहे ते चवीपलीकडचे. दोरीवरचा गोश्त सगळ्या मोहल्ल्याला दिसायचा. कोणी किती ठेवला हे लपत नसे, म्हणून दोरी फार लांब बांधायला माणूस लाजायचा. फ्रीजरला दार आहे. ते बंद झाले की आत पाच किलो आहे की पंधरा, हे अल्लाहशिवाय कोणाला कळत नाही. शिवाय आता गोश्त खराब होण्याची भीती नाही, त्यामुळे वाटायची घाईही नाही.

साठवणे नाजायज नाही. मदीनेत एका वर्षी उपाशी लोक आले, तेव्हा तीन दिवसांहून अधिक गोश्त ठेवण्यास मनाई झाली. पुढच्या वर्षी ती उठली आणि खाणे, खाऊ घालणे, साठवणे या तिन्हींची परवानगी मिळाली. मनाई का झाली होती, हे मात्र विसरू नये. आमच्या एमआयडीसीत दूरदूरच्या प्रांतांतून आलेले कामगार एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. ईदला त्यांचे घरचे कोणी जवळ नसते.

म्हणून भगिनींनो, यंदा फ्रीजर भरण्यापूर्वी एकदा मनातल्या मनात दोरी बांधून पाहा. शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जेवढे टांगायला लाज वाटणार नाही, तेवढेच आत ठेवा. बाकीचे त्याच दिवशी पोहोचवा. अल्लाह आपल्या सर्वांची कुर्बानी कबूल करो. आमीन.