आधी मोजावे, मग बोलावे



२०२० साली शाळा घरी आली, ते दिवस कुणी विसरले नसेल. इंदूरच्या आमच्या जुन्या घरात तेव्हा एकाच वेळी तीन बैठका भरत. माडीवर चिरंजीवांचा नववीचा वर्ग, मधल्या खोलीत कन्येचा सहावीचा आणि दिवाणखान्यात ऑफिसचे काम. अकराच्या सुमारास तिन्ही एकदम सुरू झाल्या की पडद्यावर बाईंचा चेहरा थिजायचा, आवाज तुटायचा. कन्या रडकुंडीला यायची.

आम्ही दोघांनी निकाल लगेच देऊन टाकला. आरोपी दोन : कनेक्शन देणारी कंपनी आणि आमचे चिरंजीव. कंपनीच्या मुलाला फोनवर नको ते बोललो. चिरंजीव वर्गाच्या नावाखाली गेम खेळत असणार, हेही ठरवून टाकले. वर्ग संपताच कॉम्प्युटर बंद, असा हुकूम सुटला. "मी काही केलं नाही," एवढेच तो म्हणाला. आठवडाभर आमच्याशी धड बोलला नाही. नेट मात्र होते तसेच राहिले.

शेवटी एका रविवारी तोच म्हणाला, "आई, बाबा, एकदा मोजू तरी द्या."

प्रथम त्याने एक लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून इंटरनेटचा वेग पाहिला. कनेक्शन १०० एमबीपीएसचे, आकडा आला ९२. म्हणजे कंपनी सुटली. मग घरातल्या घरात वेग मोजायला 'आयपर्फ' नावाचा मोफत प्रोग्राम घेतला. एक कॉम्प्युटर ऐकत बसतो, दुसरा त्याला दहा सेकंद माहिती पाठवतो. यात इंटरनेटचा संबंधच येत नाही. माडीवरून मधल्या खोलीपर्यंत आकडा आला अवघा ७. तेच दोन कॉम्प्युटर राउटरला जोडले तर ९४. (पूर्ण १०० कधीच दिसत नाहीत. पत्राबरोबर पाकिटाचेही वजन असते, तसे हे.)

मग दोष कुठे? शोधता शोधता तो माळ्यावर सापडला. जाड भिंतींतून वाय-फाय पोचत नाही म्हणून आम्ही खोल्यांत वायरी फिरवल्या होत्या आणि त्या सगळ्या एका जुन्या हबमध्ये खोचल्या होत्या. एक सायबर कॅफे बंद होताना आम्हीच तो स्वस्तात उचलला होता. वेग १० एमबीपीएस आणि तोही सगळ्यांत मिळून! हब म्हणजे चिंचोळी गल्ली. एका वेळी एकानेच बोलायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबून पुन्हा सुरुवात करायची. स्विच ज्याचे त्यालाच पोचवतो. पण "चालतंय ना, कशाला बदला?" म्हणणारे आम्हीच.

नवा स्विच बसवला आणि सोमवारी अकरा वाजता तिन्ही बैठका सुरळीत पार पडल्या.

कंपनीच्या मुलाला फोन करून माफी मागितली. "कोई बात नहीं, अंकल," म्हणत तो हसला. चिरंजीवांची माफी मागणे अधिक अवघड गेले. रात्री जेवताना कन्येसमोरच मागितली, कारण आरोपही तिच्यासमोरच केला होता. तो काही बोलला नाही. आणखी एक पोळी मात्र मागून घेतली.

असो. आपल्याकडेही नेट रखडत असेल तर आधी राउटरला थेट वायर जोडून पाहा, मग एकेक टप्पा मागे या. जिथे आकडा घसरेल तिथे दोष. आणि एक लक्षात ठेवा : कनेक्शनचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइल उतरताना तो बाइटमध्ये दिसतो. १०० ला ८ ने भागून साडेबारा आले तर कुणी फसवलेले नाही.

आमच्या घरी हे सगळे दहा मिनिटांत मोजून झाले. त्याआधीचा आठवडा मात्र आम्ही न मोजताच बोलण्यात घालवला, याची खंत आजही आहे.