ऑफ-सीझन जव्हार

"यार, कुठेतरी शांत जागी जाऊया" हे वाक्य आमच्या टीममध्ये प्रत्येक रिलीजनंतर एकदा तरी ऐकू येतंच. मग नावं निघतात. लोणावळा? शनिवारी घाटातच दोन तास. माथेरान? घोडे, चिक्की आणि रांगा. महाबळेश्वरचं तर नावच नको. शेवटी कुणीतरी जव्हार म्हणतं आणि निम्मी जनता विचारते, "हे कुठे आलं?"

तर मंडळी, जव्हार पालघर जिल्ह्यात आलं. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्याआधी सगळा ठाणेच. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवरचं, डोंगराच्या माथ्यावर पसरलेलं छोटं गाव. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या आयटी पार्कमध्ये दुपारच्या जेवणाला याहून जास्त माणसं असतील! ठाण्याहून एसटी आहे. भिवंडी, वाडा, विक्रमगड करत ती साडेतीन-चार तासांत वर पोचवते. स्वतःची गाडी असेल तर अहमदाबाद हायवेवरून मनोरला वळायचं.

बहुतेक लोक पावसाळ्यात जातात. दाभोसाचा धबधबा तीनशे फुटांवरून कोसळत असतो, सगळं हिरवंगार असतं, फोटो झकास येतात. मी गेलो फेब्रुवारीच्या शेवटी. सीझन नव्हता, त्यामुळे खोली सहज मिळाली आणि खोलीच्या गॅलरीत सकाळी सात वाजता जे ऐकू आलं ते म्हणजे... काहीच नाही. एक कोंबडा, लांबून कुठलीशी एसटी, बस्स.

बघण्यासारखं काय? जव्हार हे संस्थान होतं. मुकणे हे इथलं आदिवासी महादेव कोळी राजघराणं, आणि त्यांच्या राज्याचा इतिहास चौदाव्या शतकापर्यंत मागे जातो. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. गावाबाहेर काजूच्या झाडांमध्ये जयविलास राजवाडा उभा आहे, गुलाबीसर दगडाचा, घुमटांचा. गावाजवळ शिरपामाळ आहे. १६६४ साली सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांना मानाचा शिरपेच दिला, म्हणून हे नाव, असं सांगतात. नगरपालिका १९१८ची. एवढ्याशा गावाला शंभर वर्षांहून जुनी नगरपालिका आहे, हे कळल्यावर मला उगाचच गावाबद्दल आदर वाटायला लागला.

हे सगळं एका दिवसात आरामात होतं. संध्याकाळी सनसेट पॉइंट. खाली धनुष्यासारखी वळलेली दरी, समोर एकामागे एक डोंगर, हवा स्वच्छ असेल तर डहाणूकडचा महालक्ष्मीचा सुळकासुद्धा दिसतो. मी आणि एक शेळी, असे दोघंच सूर्यास्ताला हजर होतो :)

दुसऱ्या दिवशी काही ठरवलंच नव्हतं. डांबरी रस्ता सोडून एका पायवाटेने उतरत गेलो. अर्ध्या तासाने एक पाडा लागला. पंधरा-वीस घरं, कारवीच्या कुडाच्या शेणाने सारवलेल्या भिंती, त्यांतल्या एकीवर वारली चित्रं. कॅलेंडरवर छापावं असं दृश्य. पण बराच वेळ चालूनही माणूस दिसेना. घरांची दारं बाहेरून लावलेली, काहींना तर कडीऐवजी नुसती दोरी बांधलेली. अंगणात चूल होती, पण राख जुनी.

एका ओट्यावर एक म्हातारबाबा बसले होते. पाणी मागितलं, त्यांनी तांब्या पुढे केला.

"कुठून आला तू?"

"ठाण्याहून, बाबा. गावात कुणी दिसत नाही?"

"भट्टीवर गेली समदी. शिमग्याला येतील."

एवढंच. त्यांच्या दृष्टीने यात सांगण्यासारखं काही विशेष नव्हतंच. मला मात्र येतानाचा रस्ता आठवला. भिवंडीहून वाड्याकडे येताना दोन्ही बाजूंना वीटभट्ट्या दिसतात. लाल विटांचे ढीग, धूर, बाजूला प्लास्टिकच्या कागदाची बुटकी खोपटी आणि त्यांच्यासमोर खेळणारी पोरं. एसटीच्या खिडकीतून मी ते सगळं सहज बघत आलो होतो. या पाड्यातली माणसं तिथे होती, तिथे नाहीतर तशाच दुसऱ्या कुठल्या तरी भट्टीवर.

याचं वेळापत्रक आपल्या रिलीज कॅलेंडरपेक्षा पक्कं आहे. पावसाळ्यात भात, नागली, वरई. दिवाळीपर्यंत कापणी-मळणी उरकते. नंतर शेतात काम नाही, कारण पाणी नाही. मग कुटुंबंच्या कुटुंबं खाली उतरतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी रेतीच्या, कुणी बांधकामाच्या कामाला. बऱ्याच जणांनी 'उचल' घेतलेली असते, म्हणजे आगाऊ पैसे. लग्नासाठी, आजारपणासाठी, नाहीतर नुसतं पावसाळ्यात पोट भरायला. ती मग विटा पाडून फेडायची. होळीला चार दिवस घरी यायचं, परत जायचं, आणि पावसाच्या तोंडावर शेतासाठी कायमचं यायचं. कायमचं म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत. पोरं आश्रमशाळेत असली तर शिकतात, बरोबर नेली तर त्या वर्षीची शाळा बुडालीच समजा.

महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, देशाच्या कितीतरी आधी. तरी ही वाट थांबलेली नाही. गावाजवळचं काम कधी मिळेल आणि मजुरी हातात कधी पडेल याचा भरवसा नसेल, तर माणूस रोख उचल देणाऱ्याकडेच जाणार. आणि याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी भागात, १९९२-९३ साली कुपोषणाने मुलं दगावली होती. तेव्हा दिल्लीपर्यंत खळबळ उडाली होती.

आता पाण्याची गंमत ऐका. (गंमत कसली म्हणा!) जव्हार काही दुष्काळी भाग नाही. इथे पाऊस धो धो पडतो. पण खाली बेसॉल्टचा कातळ, वर उताराची पातळ माती. पाणी मुरत नाही, थेट नद्यांना जातं. एप्रिल-मे महिन्यांत बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात. आणि शेजारच्या मोखाडा तालुक्याजवळ वैतरणेवर १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण उभं आहे, जे २०१४ साली पूर्ण क्षमतेने कामाला लागलं. ते मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देतं. मुंबईला पाणी लागतंच, मलाही लागतं. पण पाणी खाली जातं आणि त्याच्या मागोमाग माणसंही खाली जातात, हे एकदा डोक्यात बसलं की जात नाही.

म्हणजे मग काहीच होऊ शकत नाही का? तर तसंही नाही. त्याच दिवशी पहाटे चारच्या सुमाराला मला बाहेरच्या आवाजांनी जाग आली होती. खानावळीच्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "मोगरेवाले असतील." जव्हार-विक्रमगड भागात अलीकडच्या वर्षांत मोगऱ्याची लागवड वाढली आहे. अंधारात, कपाळाला बॅटरी बांधून कळ्या खुडायच्या, उमलायच्या आत पिशव्यांत भरायच्या आणि दादरच्या फुलबाजारात धाडायच्या. सकाळी लोकलमध्ये शेजारच्या बाईच्या केसांत जो गजरा दिसतो, त्यातल्या काही कळ्या इथून उतरलेल्या असू शकतात. बाएफसारख्या संस्थेने इथे 'वाडी' उभी करायला मदत केली. एकरभर जमिनीत आंबा आणि काजूची कलमं, मधल्या जागेत भाजी किंवा फुलं, आणि पाणी साठवायची काहीतरी सोय.

"ज्यांच्याकडे मोगरा, ते भट्टीवर जात नाहीत का?" मी विचारलं.

मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ज्याच्या विहिरीला पाणी, त्याच्याकडे मोगरा. बाकीचे जातात."

नागलीची भाकरी, लसणाची चटणी आणि उडदाची आमटी समोर होती, पण मी थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. धोरणांची मोठमोठी पीपीटी एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला.

असो. प्रवासवर्णनाच्या शेवटी टिपा द्यायची पद्धत आहे, त्या देतो. शांतता हवी असेल तर दिवाळीनंतर आणि शिमग्याच्या आधी जा. गर्दी अजिबात नसते. का नसते ते वर लिहिलंच आहे. पण जमलं तर एकदा होळीनंतर मुद्दाम जा. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. कागदाच्या लगद्याचे देव-राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून माणसं रात्रभर सोंगं नाचवतात, संबळ वाजत असतो, मशाली असतात आणि आजूबाजूच्या पाड्यांतली माणसं लोटलेली असतात. झोप मिळणार नाही, शांतता तर नाहीच नाही. जेवायला गावातल्याच खानावळीत बसा, नागली-वरई मिळाली तर विकत घ्या, वारली चित्र घेताना घासाघीस करू नका.

मी पुढच्या वर्षी बोहाड्याला जाणार आहे. टीममधून कोण येतंय, आत्ताच सांगा. एसटीनेच जायचंय, आणि वाड्यापर्यंत खिडकीत बसून झोपायचं नाही.