अनेकार्थाचा बग

आम्ही दोघी मराठीच्या अध्यापिका. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधन नाही. त्यामुळे गेली तीन वर्षे त्या काळात आम्ही पुण्यातील एका कंपनीच्या गुणवत्ता-तपासणी विभागात बसतो. कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. रुग्णाच्या मोबाईलवर जाणारे निरोप, औषधांच्या सूचना आणि अहवाल यांचे मराठी रूप तपासणे हे आमचे काम.

ते समजायला फार वेळ लागला नाही. वाक्य जितक्या प्रकारे वाचता येईल तितक्या प्रकारे वाचून पाहायचे आणि एकाहून अधिक अर्थ निघाला तर बग नोंदवायचा. वर्गात आम्ही हेच करतो, फक्त उलट्या हेतूने. तेथे दुसरा अर्थ शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे कौतुक होते. येथे तो अर्थ नाहीसा होईपर्यंत वाक्य परत पाठवले जाते.

'परवा' हा शब्द पाहा. मागचा दिवसही तोच, पुढचा दिवसही तोच. बोलताना अडत नाही, कारण 'होती' किंवा 'आहे' हे क्रियापद सोबत असते. सॉफ्टवेअरमधला निरोप मात्र तुकड्यांनी जोडलेला असतो : 'रक्ततपासणी : परवा'. क्रियापद गळले की काळही गळाला. अहवालातील 'सकारात्मक' याची कथा वेगळी. २०२० साली कोविडच्या बातम्यांतून हा शब्द सर्वांच्या परिचयाचा झाला, तरी एखाद्या आजीला आपला अहवाल 'सकारात्मक' आल्याचे ऐकून हायसे वाटले, तर त्यात तिचे काय चुकले? शुद्ध मराठीचा आग्रह आम्हांलाही आहे. येथे मात्र आम्ही 'पॉझिटिव्ह' ठेवा आणि पुढे 'आजार आढळला' असे लिहा, असे सुचवले.

खरा वाद झाला तो 'दर आठ दिवसांनी' यावर. मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा. या बुधवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत दोन्ही टोके धरून मोजले की आठ होतात. बाजाराचा वार सांभाळणाऱ्या माणसाला यात काही खटकत नाही. पण शहरात वाढलेली मुले आकडा आकड्यासारखा वाचतात, आणि त्यांच्या हिशेबात बुधवारनंतर गुरुवार येतो. ज्या गोळीपुढे ही सूचना होती ती मेथोट्रेक्सेट, संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांत आहेत. अशा औषधाच्या सूचनेत संदिग्धतेला जागा नको, 'आठवड्यातून एकदाच, दर बुधवारी' असे वाराचे नाव घालून लिहा, असे आमचे म्हणणे होते. बदल मान्य झाला. बगची नोंद मात्र 'कॉस्मेटिक' या सदरात झाली, म्हणजे बटणाचा रंग फिका असण्याच्या रांगेत.

हे आम्हांला मान्य नाही. वैद्यकीय सॉफ्टवेअरसाठीचे आयईसी ६२३०४ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण २००६ सालचे. त्यात वर्गवारी होते ती संभाव्य इजेनुसार. मृत्यू किंवा गंभीर इजा शक्य असेल तर सर्वांत कडक वर्ग. दुरुस्तीला दोनच मिनिटे लागतात म्हणून दोष किरकोळ ठरत नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात संगणकाने स्पॅनिशमध्ये भाषांतरित केलेल्या औषध-चिठ्ठ्यांचा अभ्यास २०१० साली 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात आला. तपासलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या सदोष होत्या. इंग्रजी 'वन्स' तसाच राहिला की तीच अक्षरे स्पॅनिशमध्ये 'अकरा' होतात. (देवनागरीने आपल्याला निदान या एका अपघातातून वाचवले आहे.)

थेराक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना बेसुमार किरणमात्रा दिली. त्यांतील काही दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरचा आणि यंत्ररचनेचा होता. आम्हांला अस्वस्थ करते ती पडद्यावर उमटलेली 'मॅलफंक्शन ५४' ही ओळ. तिचा उलगडा चालकाच्या पुस्तिकेत नव्हता. असे निरोप नेहमीच येत आणि एक कळ दाबून पुढे जाता येई. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ साली ती कळ दाबली गेली. त्या ओळीची भाषा कोणत्या सदरात नोंदवायची, हे आम्ही बैठकीत विचारले. उत्तर मिळाले नाही, चहा आला.

या वर्षी आम्हां दोघींतच मतभेद आहे. 'उपाशीपोटी घ्या' ही सूचना एकादशीचा उपास करणारे घर वेगळ्या तऱ्हेने वाचेल, यावर एकमत आहे. त्याऐवजी 'अनशापोटी' लिहावे, असे एकीचे मत. खेड्यात तो शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे. दुसरी म्हणते, आपल्या वर्गात किती जणांना तो कळेल ते आधी विचारू. जूनमध्ये विचारले. पन्नासांपैकी नऊ हात वर झाले. बग अजून उघडाच आहे.